सफुराचं बोंडलं

मी एक बोंडलं आहे. तान्ह्या मुलांना दूध पाजायचं, तळहातावर मावणारं, एका बाजूला चोच काढलेलं चांदीचं भांडं. माझ्या जातीच्या भांड्यांचं आयुष्य तसं सुखाचं असतं. मूल वाटीनं प्यायला लागेपर्यंत त्याच्या ओठांशी राहायचं, मग पुसून फडताळात जायचं आणि पुढच्या पाळण्याची वाट बघत झोपायचं. मला ती झोप मिळाली नाही. ज्या मुलीसाठी मला घडवलं ती लग्नाच्या वयाची झाली तरी मी तिच्या हातातून सुटले नाही, आणि त्या सगळ्या वर्षांत धास्तीशिवाय दिवस गेल्याचं मला आठवत नाही.

एकोणीसशे वीस सालच्या थंडीत मुरुडला फकरुद्दीन नाखव्याच्या घरी मुलगी झाली. नाखवा म्हणजे गलबताचा धनी. नारळ आणि सुपारी भरून त्यांचं गलबत मुंबईला जायचं. मूल झालं तेव्हाही ते दर्यावरच होते. मुलगी गोरी, नाकीडोळी नीटस. पण अतियानं, तिच्या आईनं, तिला छातीशी धरलं तेव्हा तिला ओढताच येईना. थोडं दूध तोंडात गेलं ते नाकातून बाहेर आलं, आणि पोर काळीनिळी पडली. सुईण ठमाबाईनं बोट घालून पाहिलं. ओठ शाबूत होते, पण टाळूच्या जागी मधोमध भेग होती, थेट नाकापर्यंत.

घरातल्या बायका म्हणाल्या, हे मूल राहायचं नाही. ठमाबाई म्हणाली, "पोर आजारी न्हाय. उपाशी हाय." तिनं कापसाची वात दुधात भिजवून ती चोखवून बघितली, पण चोखणंच जमत नव्हतं. तेव्हा अतियानं पायातली पैंजणं काढून तिच्या हातात दिली. शिवदास सोनारानं दुसरं काम बाजूला ठेवून ती आटवली. नेहमीच्या बोंडल्याची चोच रुंद असते, माझी त्यानं ठमाबाईच्या सांगण्यावरून अरुंद आणि लांब काढली, धार पडू नये, थेंब पडावा म्हणून. असा माझा जन्म झाला. मी पुरतं थंड होण्याआधीच ठमाबाई मला पदरात घेऊन पळत सुटली होती.

तो पहिला घोट मी विसरले नाही. ठमाबाईनं पोरीला आडवं न धरता मांडीवर बसतं धरलं. माझी चोच गालाच्या आतल्या बाजूला टेकवली आणि एक थेंब सोडला. मग थांबली. पोरीचा गळा हलला. दुसरा थेंब. पुन्हा थांबली. तिसऱ्याला ठसका लागला, दूध नाकातून आलं, पोरीचे डोळे पांढरे झाले. ठमाबाईनं तिला पुढे वाकवून पाठ चोळली आणि रडू ऐकू आल्यावर पुन्हा मला उचललं. अतिया तोंडावर ओढणी धरून बघत होती. "आता तू," ठमाबाई म्हणाली, "मी रोज कशी येईन?"

त्या दिवसापासून अतियाचा हात आणि माझी चोच यांच्यावर एक जीव तगून राहिला. घोटभर दूध पाजायला दुपारची सावली अंगणभर सरकायची. मला प्रत्येक थेंबाची भीती. हा बरोबर वाटेनं जाईल की श्वासाच्या वाटेला लागेल? इतर बोंडली दूध देतात आणि मोकळी होतात. मी दूध देऊन गळ्याकडे बघत राहायचे. नाखवे परत आले तेव्हा मुलगी जिवंत होती. त्यांनी तिचं नाव सफुरा ठेवलं.

सफुरा वाढली. भात खायला लागली, तरी पातळ पदार्थ तिचे वैरीच राहिले. पेला तोंडाला लावला की पाणी नाकातून यायचं. म्हणून पाणी, पेज, चहा सगळं माझ्यातून, मान जराशी मागे टाकून, थोडं थोडं. चारचौघांत ती जेवायची नाही. शेजारी लग्न असलं की घरी जेवून जायची, आणि मला ओढणीच्या टोकाला बांधून न्यायची. तहान लागली तर आडोशाला जाऊन प्यायची.

आणि बोलणं. टाळूला भोक असलं की तोंडात वारा कोंडत नाही, सगळा नाकावाटे निघून जातो. वारा कोंडल्याशिवाय क होत नाही, प होत नाही, ट नाही, स नाही. सफुराला म यायचा, न यायचा, ह आणि य यायचे, बाकी सगळं एका गेंगाण्या हुंकारात बुडालेलं. तिला स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. बापाला "अब्बा" म्हणायला गेली तर "अम्मा" व्हायचं. फकरुद्दीन नाखव्यांची समजूत होती की पोर सदानकदा आईलाच हाक मारते.

पण अतियाला सगळं समजायचं. अगदी अक्षरन् अक्षर. सफुरानं तोंड उघडायचा अवकाश, अतिया शेजारणीला सांगायची, "ती म्हणते, तुमच्या बकरीनं आमचा दोडका खाल्ला." सफुरा मान डोलवायची. कित्येकदा सफुराचं वाक्य संपायच्या आत अतियाचं बोलून व्हायचं. लोकांनीही मग सफुराकडे बघणं सोडलं. प्रश्न सफुराबद्दल असला तरी विचारायचा अतियाला. हे मला खटकायचं. उत्तर आईनं देऊन टाकलं तरी सफुराचे ओठ मागाहून काही वेळ हलत राहायचे. उरलेलं वाक्य कुठे ठेवावं हे तिला समजत नसावं.

मोहल्ल्यातल्या मुली कुराण वाचायला मरियमबींकडे जात. त्यांना सगळे उस्तानी म्हणत. सफुरा सात-आठ वर्षांची असताना अतिया तिला तिकडे घेऊन गेली होती. उस्तानींनी तिचं वाचणं ऐकलं, मायेनं डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हिला माफ हाय. ही मनात वाचेल तेच अल्ला ऐकेल." अतियाचे डोळे भरून आले. सफुरा मात्र घरी परत येईपर्यंत मला मुठीत इतकं घट्ट आवळून होती की माझी कड तिच्या तळव्यावर उमटली.

ती सोळा वर्षांची झाली आणि श्रीवर्धनच्या एका सुपारीवाल्याकडून मागणी आली. माणूस पन्नाशीचा, बायको वारलेली, घरात मोठी मुलं. निरोप आणणारी बाई म्हणाली, "त्यांना बोलणारी बायको नकोच हाय. घर सांभाळणारी पायजे." फकरुद्दीन बायकोला म्हणाले, "तिला इचार." अतियानं सफुराला विचारलं. सफुरानं हातवारे करून, रडून, तिच्या त्या गेंगाण्या आवाजात पुष्कळ काही सांगितलं. अतिया बाहेर आली आणि म्हणाली, "तयार हाय."

मी तिच्या ओढणीच्या गाठीत होते. मी ऐकलं होतं. पण चांदीला वाचा नसते, आणि ज्यांना होती त्यांतलं दुसरं कुणी ऐकत नव्हतं.

निकाहच्या दिवशी अंगणात मांडव होता. मागच्या दारी जेवणाच्या मोठ्या देगी चुलीवर चढल्या होत्या. आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात सफुरा बसली होती, हिरव्या साडीत, डोक्यावरून लाल ओढणी, आणि ओढणीखाली मुठीत मी. मुलीची संमती घ्यायला वकील आणि साक्षीदार दाराच्या पडद्यापाशी आले. वकील म्हणजे मोहल्ल्यातलेच एक वडीलधारे होते. त्यांनी रीतीनं नवऱ्याचं नाव, बापाचं नाव घेतलं आणि विचारलं, "सफुरा, तुला हा निकाह कबूल हाय?"

सफुरा बोलायला लागली. एकदम, भरभर, जणू सोळा वर्षांचं सगळंच तिला त्या पडद्याआड लोटायचं होतं. मला त्या घरात जायचं नाही, त्या माणसाला मी पाहिलंसुद्धा नाही, माझं कुणी ऐकलं नाही. बाहेर गेला तो नुसता घोंगावणारा आवाज.

वकिलांनी विचारलं, "अतियाबी, काय म्हणते ती?"

खोलीतली प्रत्येक बाई अतियाकडे बघायला लागली. अतियाच्या हातात गुलाबपाण्याची झारी होती. ती तिनं खाली ठेवली.

"व्हय म्हणते," अतिया म्हणाली. "शरमलीय जरा."

सफुरानं ओढणी मागे सारली. आणि मग ती एकच शब्द बोलली. त्या शब्दाला तोंडात वारा कोंडावा लागत नाही. तो तिला जन्मापासून येत होता.

"न्हाय."

पडद्यावर वकिलांची सावली पुढे झुकली.

"न्हाय," ती पुन्हा म्हणाली. "न्हाय."

वकील सच्चे माणूस होते. ते काझींकडे गेले आणि जे ऐकलं तेच सांगितलं. काझी उठले. "मुलगी नाही म्हणते, तर निकाह नाही," एवढंच म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या. वऱ्हाड न जेवता परत गेलं. मागच्या दारचं अन्न संध्याकाळपर्यंत मोहल्ल्यात वाटत होते आणि घेणाऱ्यांपैकी कुणीही डोळ्याला डोळा देत नव्हतं. फकरुद्दीन बंदरावर गेले ते गलबतावरच राहिले. दोन्ही बाजूंनी त्यांची मान खाली गेली होती. पोरीनं नाही म्हटलं म्हणून, आणि तिचं नाही आपल्यापर्यंत कुणी पोचवलं नव्हतं म्हणूनही.

बायका पांगल्यावर सफुरा आईसमोर उभी राहिली. तिनं आईला एक प्रश्न विचारला. आवाज तसाच, नेहमीचा. ज्या आवाजातून अतियानं दोडका आणि बकरी वेगळी ओळखली होती, तोच.

अतिया तिच्याकडे न बघता म्हणाली, "काय म्हणतेस समजत न्हाय मला."

असं ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली. सफुरानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. अतिया सतरंजी झटकायला अंगणात निघून गेली.

त्यानंतर त्या घरात कुणालाच स्वास्थ्य नव्हतं. सफुरा आईशी बोलेना, म्हणजे कुणाशीच बोलेना, कारण दुसऱ्या कुणाला तिचं कळत नव्हतं. ती सकाळी उठून किनाऱ्यावर चालत सुटायची, सुरूच्या झाडांपर्यंत जायची, परत यायची, पुन्हा निघायची. मी ओढणीच्या टोकाला हिंदकळत असायचे. कधी मला हातात घेऊन माझ्या पोटात स्वतःचं वेडंवाकडं तोंड बघायची, जबडा उघडून, आत, खोलवर. तिला तिथं काय दिसायचं कोण जाणे. मला फक्त काळोख दिसायचा.

पावसाळा सरल्यावर अतियाचा भाऊ मोहम्मद आला. तो बोटीवर खलाशी होता आणि बायकोसह मुंबईत राहायचा. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात फाटलेली टाळू शिवतात, त्याच्याबरोबरच्या एका माणसाच्या मुलाची शिवली होती, असं त्यानं जेवताना सांगितलं. सफुरानं हातातला घास ताटात ठेवला.

"सोळा वर्सांच्या मुलीची शिवतात?" अतियानं विचारलं.

"लहान पोरांची बरी होते म्हणतात. मोठ्यांची शिवतात, पण बोलणं सुधारेल असं छातीठोक सांगत न्हायत."

"गुंगीतून उठली न्हाय तर?"

सफुरा उठली आणि पेटीत आपले कपडे भरायला लागली. अतियाही आपले कपडे काढू लागली, तेव्हा सफुरानं ते तिच्या हातातून घेतले आणि परत फडताळात ठेवले. मोहम्मदनं बहिणीकडे पाहिलं. या वेळी काय म्हणते ते सांगायला अतियाची गरज पडली नाही. फकरुद्दीननी आगबोटीपर्यंत पेटी उचलून आणली. एवढ्या महिन्यांत मुलीसाठी त्यांनी केलेली ती पहिली गोष्ट होती.

इस्पितळातलं मला फार सांगता येणार नाही. कपड्यांच्या गठ्ठ्यात दिवस काढले. डॉक्टरसाहेबांनी दिवा धरून तिचं तोंड पाहिलं. काही विचारलं, तिनं उत्तर दिलं, ते त्यांना समजलं नाही आणि मोहम्मदलाही नाही. तिनं शेवटी बोटानं टाळूकडे दाखवलं आणि हात जोडले. मग तिला नेलं. तिला परत आणलं तेव्हा औषधाच्या उग्र वासात ती पडून होती, ओठांना रक्त सुकलेलं, आणि मोहम्मदची बायको तिच्या उशाशी तसबीचे मणी ओढत होती.

टाके सुकेपर्यंत बोलायचं नाही, घट्ट खायचं नाही, असा हुकूम होता. मला गरम पाण्यात उकळून बाहेर काढलं. नर्सबाईंनी तिला बसवलं, माझ्यात भाताची गाळलेली पेज घेतली आणि चोच गालाशी टेकवली. सफुरानं सवयीनं नाकाखाली बोट धरलं. घोट गेला. ती वाट बघत राहिली. नाकातून काही आलं नाही. तिनं दुसरा घोट घेतला. तोही गेला. ती बोट नाकाखाली तसंच धरून रडायला लागली आणि नर्सबाई म्हणाल्या, "रडू नकोस, टाके ताणतील." मग त्याच दुसरीकडे बघायला लागल्या.

पण ज्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली तो दिवस वाईट गेला. सफुरा एकटीच खिडकीशी गेली आणि हळूच आपलं नाव घेतलं. तोच आवाज. तसाच गेंगाणा, तसाच बुडालेला. तिनं पुन्हा घेतलं. मग तिनं मला भिंतीवर फेकलं. माझ्या पोटाला पोचा आला, तो अजून आहे.

मला फरशीवरून नर्सबाईंनी उचललं. "डॉक्टरांनी दार बसवून दिलंय," त्या म्हणाल्या, "ते लावायचं कधी आणि उघडायचं कधी हे त्या दाराला कुठे माहीत आहे? ते तुला शिकवावं लागेल." त्यांनी मला पदरानं घासून लख्ख केलं आणि सफुराच्या नाकाखाली आडवं धरलं. "पा म्हण." ती म्हणाली. माझ्या अंगावर वाफ धरली. "ही वाफ दिसते ना, तेवढा वारा नाकातून पळाला. ही धरता कामा नये. म आणि न म्हणताना धरू दे, बाकी वेळी नाही. फुंकर मारायची, कापूस उडवायचा, आणि हे बघत राहायचं."

अशी मी दूध पाजणारी, तिची पहारेकरीण झाले.

मुरुडला परतल्यावर ती पुन्हा चालत सुटली, पण आता नाकाखाली मला धरून. पा. वाफ. पा. वाफ. किनाऱ्यावर जाळी सुकवणारे लोक बघायचे. कधी एखादा पा कोरडा निघायचा, ती थबकायची, आणि पुढच्या क्षणी तो कसा निघाला हेच विसरायची. असं किती दिवस चाललं सांगवत नाही. तिची चिडचिड मला माझ्या अंगावर कळायची. बोटं घामानं ओली असत.

एका सकाळी ती चालता चालता मरियमबींच्या पडवीत शिरली. मुली वाचत होत्या. सफुरानं उस्तानींसमोर बसून तोंड उघडून टाळू दाखवली. मरियमबी आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, पुढचे दात गेले होते. त्यांनी वाकून पाहिलं, मग नाकाखाली मला धरून सफुरानं काढलेले आवाज ऐकले. वाफ पाहिली.

"तुला मी माफ केलं होतं," त्या म्हणाल्या. "आता न्हाय करत. बस."

अरबी हरफ, म्हणजे अक्षर, तोंडात कुठून निघतो हे शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कुठला घशाच्या तळातून, कुठला जिभेच्या शेंड्यातून, कुठला ओठांतून. "मीम आणि बे," त्या म्हणाल्या, "दोन्हीला ओठ मिटतात. मीमचा वारा नाकातून जातो. बेचा न्हाय. तुझे ओठ चांगले हायत. तुझ्या बेला फक्त नाकाची वाट बंद पायजे." त्यांनी दोन बोटांनी सफुराचं नाक चिमटलं. "आता म्हण."

नाक बंद, ओठ बंद. वाऱ्याला जायला जागा उरली नाही. तो गालात कोंडला, आणि ओठ उघडले तेव्हा फुटला. "बा."

सफुरा दचकून मागे सरकली. मुली वाचायच्या थांबल्या.

"पुन्हा," उस्तानी म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दुसरा हरफ घेतलाच नाही. मग रोज नाक चिमटून, मग नुसतं बोट टेकवून, मग बोट लांब धरून. बे पक्का झाल्यावर फे, काफ, सीन. सीनला मात्र दोघी हसायच्या, कारण दात नसल्यानं उस्तानींचाही सीन फसकायचा. "माझ्याकडे बघून शिकू नकोस," त्या म्हणायच्या, "कानानं शिक." माझ्यावरची वाफ हळूहळू कमी होत गेली. पुरती कधी गेली नाही. थकली की अजूनही येते.

त्या पावसाळ्यात गलबत झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ओढलं होतं आणि फकरुद्दीन पडवीत शीड शिवत बसले होते. सफुरा दारात येऊन उभी राहिली. मी तिच्या हातात होते, पण तिनं मला नाकाशी धरलं नाही.

"अब्बा."

"अम्मा विहिरीवर हाय," नाखवे मान वर न करता म्हणाले.

"अब्बा."

सुई थांबली. त्यांनी मान वर केली. सफुराला पुढे काय बोलायचं ते सुचेना. इतकी तयारी त्या एका शब्दाचीच होती.

"चा करू?" ती म्हणाली.

"कर," ते म्हणाले, आणि शिडाचा टाका उसवून पुन्हा घातला. तो नीटच पडला होता.

मला वाटलं आता ही निवेल. पण नाही. ती पुन्हा किनाऱ्यावर जायला लागली आणि तिथं एकच वाक्य घोकायला लागली. पुटपुटत, कधी मोठ्यानं, एकेक अक्षर वेगळं काढून, पुन्हा जोडून. ते वाक्य उस्तानींच्या धड्यातलं नव्हतं. मला ते ओळखीचं वाटत होतं, पण पूर्वी ऐकलं ते हुंकारात बुडालेलं होतं, म्हणून लगेच ध्यानात आलं नाही.

एका दुपारी अतिया विळीवर नारळ खवत बसली होती. सफुरा तिच्यासमोर येऊन बसली आणि मला बाजूला जमिनीवर ठेवलं.

"अम्मा," ती म्हणाली, "तू खोटं का बोललीस?"

प्रत्येक अक्षर स्वच्छ होतं. आवाजात नाकाचा थोडा सूर राहिला होता, पण हे वाक्य ऐकून कुणीही, अगदी रस्त्यावरून जाणाऱ्या परक्यानंही, समजलं नाही असं म्हटलं नसतं.

अतियाचा हात विळीवर तसाच राहिला.

"भ्याले," ती म्हणाली. "मी मेल्यावर तुझं कोणाला समजणार होतं? त्या घरात दोन वेळ जेवण होतं. मला वाटलं, न बोलता निभेल तुझं तिथं."

"मी न्हाय म्हटलं होतं."

"व्हय."

"मग इचारलं तुला. तू म्हणालीस, समजत न्हाय."

"समजलं होतं," अतिया म्हणाली. "तू बोललीस आणि मला समजलं न्हाय, असं आजवर झालंच न्हाय. त्या दिवशीपण समजलं होतं."

सफुरा तिच्याकडे बघत राहिली. आईच्या गळ्यात पडली नाही. रागावून उठूनही गेली नाही. थोड्या वेळानं तिनं अर्धा नारळ उचलला, दुसरी विळी ओढली आणि खवायला बसली. दोघींच्या मध्ये मी पडून होते. खवलेल्या नारळाचा चव साचत गेला. त्या घरात इतक्या महिन्यांनी मला थोडं स्वस्थ वाटलं.

ते फार टिकलं नाही. या भाताच्या कापणीत ठमाबाई धापा टाकत दारात आली. आता ती वाकून गेली आहे, पण बाळंतपणं सोडलेली नाहीत. डोंगराकडच्या एका गावात धर्माजी म्हणून शेतकरी आहे, त्याच्या सुनेला, राहीला, मुलगा झाला होता. तीच भेग. पोर दूध ओढत नव्हतं. "तुझं ते भांडं दे," ठमाबाई सफुराला म्हणाली.

"मी येते," सफुरा म्हणाली.

अतियाही निघाली. या वेळी सफुरानं तिला अडवलं नाही.

बैलगाडीनं आम्ही पोचलो. घरात भाताच्या पेंढ्यांचा वास होता. राही भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर एवढंसं बाळ, रडायचंही त्राण नसलेलं. तिची सासू दारात आडवी उभी राहिली. परक्या घरचं, तेही मुसलमानाघरचं भांडं बाळाच्या तोंडाला कसं लावायचं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ठमाबाईनं मला उकळत्या पाण्यात बुडवलं, बाहेर काढलं आणि म्हणाली, "चांदी हाय. बाजूला सर." सासू सरली.

सफुरा राहीजवळ बसली. तिनं सांगायला सुरुवात केली, बाळाला बसतं धर, मान हातावर तोलून धर, धार नको, थेंब, आणि गळा हलेपर्यंत थांब. गडबडीत, काळजीत ती भरभर बोलली, आणि थकव्यानं शब्द पुन्हा नाकात शिरले.

राहीनं घाबरून अतियाकडे पाहिलं. "काय म्हणते ती?"

अतियाला समजलं होतं. मी तिचा चेहरा बघत होते, तिच्या ओठांवर ते वाक्य आलेलं होतं, सबंधच्या सबंध. तिनं ते गिळलं.

"तिलाच इचार," अतिया म्हणाली आणि ओसरीवर जाऊन बसली.

राही सफुराकडे वळली. सफुरानं श्वास घेतला. मग ती पुन्हा बोलली, सावकाश, एकेक अक्षर जागेवर बसवत, आणि राही तिच्या ओठांकडे बघत मान डोलवत गेली. तिनं बाळ बसतं धरलं. तिनं स्वतः मला उचललं.

तेव्हापासून मी इथंच आहे. पोर आज थोडं अधिक प्यायलं, काल ठसकलं, उद्या काय करेल ठाऊक नाही. मी पुन्हा एका एवढ्याशा गळ्याकडे बघत बसले आहे, पुन्हा प्रत्येक थेंबाला भीत. ते जगलं तर त्यालाही कधीतरी टाके पडतील, कुणीतरी त्याचं नाक चिमटेल, आणि कुणी त्याच्या नाकाखाली मला धरील. तोवर तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. असं मूल तुमच्या अंगणात बोलायला लागलं तर त्याच्या आईकडे बघू नका. त्याच्याकडे बघा, आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत थांबा. आता राही येतेय, दूध कोमट झालं असावं. मला जायला हवं.